कबूल म्हणायचं

कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात तीन बाकं होती, दोन लाकडी आणि एक लोखंडी. तीन बाकांवर मिळून अकरा पुरुष बसले होते. पिण्याच्या पाण्याची एक टाकी होती, तिला दोन नळ, त्यातला एक फडक्याने बांधून ठेवलेला. एक पंखा होता, तो बंद होता. बाई मी एकटीच. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात पाण्याच्या चार बाटल्या. घरून निघताना चारही भरलेल्या होत्या. आता तीन रिकाम्या होत्या.

अकराही जण आदल्या संध्याकाळी हायवेच्या एकाच नाक्यावर, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेले होते. लोखंडी बाकाच्या टोकाला बसलेले माझे वडील होते.

"अजून एक दे," आण्णा म्हणाले.

मी चौथी बाटली दिली. त्यांनी ती तोंडाला लावली ती अर्धी होईपर्यंत खाली आणली नाही. पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं, त्यांनी पुसलं नाही.

"काका, दमानं," शेजारचा माणूस म्हणाला. "पाण्यानं उतरत नाही. मी सगळं करून बघितलंय. लिंबू, ताक, लोणचं. उतरायची तेव्हाच उतरती."

त्याचं नाव संपत लोहार. ट्रकच्या मागच्या फळीवर नावं आणि फुलं रंगवायचं काम करायचा. नखांत निळा रंग होता. त्याची ही तिसरी खेप होती आणि ते त्याचं बाकावरच्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

"लिंबू सरबत आणू का खालनं? साखर घालून?"

"साखर नको," आण्णा म्हणाले.

"बघा, चढलेली असली तरी माणूस पथ्य सांभाळतोय," संपत म्हणाला. दोघं-तिघं हसले. मी फडक्याने बांधलेल्या नळाकडे बघत राहिले.

माझे वडील, हिंदुराव जगदाळे, एका मालकाच्या बसवर ड्रायव्हर होते. कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांना न्यायची-आणायची बस. मी शाळेत जायच्या आधीपासून ते हेच काम करत होते. दारूच्या बाबतीत सांगायचं तर, आमच्या भावकीतल्या लग्नांत रात्री मांडवामागे बाटल्या निघाल्या की सगळे आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या आण्णांकडे आणून द्यायचे. सकाळी त्यांच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघायचा.

त्यामुळे आदल्या संध्याकाळी नाक्यावरून फोन आला तेव्हा मला वाटलं होतं, नंबर चुकला असणार. मी रिक्षाने गेले. आण्णा आपल्या मोटरसायकलशेजारी दुभाजकावर बसले होते. भिसे नावाच्या हवालदारांनी मला मशीनमधून निघालेली चिठ्ठी दाखवली. शंभर मिलिलिटर रक्तामागे तीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. चिठ्ठीवर शेहेचाळीस होतं.

"दंड किती आहे? मी आत्ता भरते," मी म्हणाले.

"हे मोबाईलवर भरून सुटणारं चलन नाही, मॅडम. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ते वेगळं. याला कोर्टात उभंच राहावं लागतं. उद्या सकाळी घेऊन या." त्यांनी आण्णांचं लायसन खिशात घातलं. "नाही आले तर वॉरंट निघेल."

मी आण्णांना विचारलं, "प्यायलात?"

"घेतली थोडी," आण्णा म्हणाले.

ते अगदी सहज म्हणाले. मी पंचवीस वर्षं ज्या माणसाबरोबर राहत होते त्याच्याबद्दल मला एक साधी गोष्टही माहीत नव्हती, असं त्याचा अर्थ होत होता. आई आठवडाभर खटावला मामाकडे गेलेली होती, तिला मी कळवलं नाही. घरी आल्यावर आण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मोरीत त्यांना उलटी झाली. त्यावरूनही मी तोच निष्कर्ष काढला.

आता व्हरांड्यात माझी भीती साधी आणि स्पष्ट होती. संपत सांगत होता, नवीन जज मॅडम कडक आहेत, गेल्या आठवड्यात एकाला आत पाठवलं आणि एकाचं लायसन सहा महिने काढून घेतलं. माझी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नुकती नोकरी लागली होती, शिकाऊ म्हणून. घर आण्णांच्या पगारावर चालायचं. लायसन गेलं की त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून तुपे वर आले. ते मालकांचे सुपरवायझर. पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"हिंदुराव, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले आणि आण्णांच्या खांद्यावर थाप मारली. आण्णा त्या थापेने बाकावर हलले.

"मालक काय म्हणाले?" आण्णांनी विचारलं.

"मालक हसले. म्हणाले, देवमाणूस घसरला शेवटी. आता काळजी करू नका. दंड काय होईल तो भरा, लायसन जमा आहे तोवर गॅरेजला बसा, टायर-बियर बघा. दारूचं मालक मनावर घेत नाहीत. ड्रायव्हर लायनीत कोण घेत नाही? सोमवारचं मेडिकल तेवढं चुकवू नका. खोतचं झाल्यापासून मालक त्यात कुणाचं ऐकत नाहीत."

खोत म्हणजे त्यांच्याकडचाच एक ड्रायव्हर. गेल्या वर्षी चालू बसमध्ये तो स्टिअरिंगवर कोसळला होता आणि बस उसाच्या फडात शिरली होती. कुणी दगावलं नाही.

"येतो की सोमवारी," आण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. मला ते कळलं नाही.

तुपे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फोनवर बोलू लागले. आतून शिपायाचा आवाज आला. पहिलं नाव पुकारलं गेलं.

"आता ऐका," संपत सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "मी अनुभवी माणूस आहे. आत गेलं की पिंजऱ्यात उभं राहायचं. मॅडम विचारणार, गुन्हा कबूल आहे का? कबूल म्हणायचं. एक शब्द. 'कबूल आहे, पण' असं म्हणालात की मेलात. 'पण'ला पुढची तारीख मिळते."

"आणि वकील?" एकाने विचारलं.

"वकील म्हणजे मोठा 'पण'."

आण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "कबूल." मग पुन्हा, "कबूल." ते सराव करत होते. दुसऱ्या वेळी त्यांची जीभ टाळ्याला चिकटल्याचा आवाज मला ऐकू आला.

ते लघवीला जायला उठले. मी दारापर्यंत बरोबर गेले. परत येताना त्यांनी भिंतीला हात लावला आणि तो तसाच घासत बाकापर्यंत आणला. बसले तेव्हा धापा टाकत होते. मला वाटलं, चालून आले म्हणून असेल, थोड्या वेळाने थांबेल. ते थांबेना. तो दम लागलेल्या माणसाचा श्वास नव्हता. दम लागला की श्वास उथळ होतो. हा खोल होता, पोटापासून येणारा, एकसारखा. कुणीतरी आतून भाता ओढत असल्यासारखा. घाबरले की मी मोजायला लागते. प्रयोगशाळेत ही सवय लागली. मी माझ्या घड्याळाकडे बघून मोजलं. मिनिटाला बत्तीस.

"आण्णा, छातीत दुखतंय का?"

"न्हाय. झोप येतीय."

त्यांनी डोकं माझ्या खांद्याला टेकलं. माणसांसमोर असं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांचा श्वास माझ्या गालावर आला आणि त्याला एक वास होता.

मी दारूच्या वासाची वाट बघत होते. आदल्या संध्याकाळपासून मी मुद्दाम त्यांच्यापासून हातभर लांब राहिले होते, तो वास मला घ्यायचा नव्हता म्हणून. हा वास तो नव्हता. हा वास मला चांगला माहीत होता, पण या माणसाच्या जवळ तो कुठून येणार हे कळत नव्हतं. गोडसर, पातळ, नाकात थंड लागणारा. काचेची नळी धुतल्यावर लवकर वाळावी म्हणून आम्ही शेवटी एका द्रवाने ती खळबळून घ्यायचो. माझ्या टेबलावर त्याची बाटली दिवसभर असायची. ॲसिटोन.

आज आठ वर्षांनीही ती बाटली उघडली की माझ्या पाठीला त्या लोखंडी बाकाचा दांडा लागतो.

मी खाली बसले, आण्णांच्या पुढ्यात, म्हणजे त्यांचा चेहरा दिसेल.

"आण्णा, काल कुठं बसून प्यायलात?"

"आता कशाला ते?"

"कुठं?"

"हॉटेलात."

"कुठल्या?"

"हायवेच्या."

"काय घेतलं? देशी, व्हिस्की, बिअर?"

आण्णांनी डोळे मिटले. "ती लाल असती ती."

संपतने मान वळवली. "काका, लाल म्हणजे खोकल्याचं औषध घेतलं का काय?"

"तुम्ही प्यायलाच नाहीत," मी म्हणाले.

"हळू बोल." त्यांनी डोळे उघडून व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. तुपे पाठमोरे होते. "तुपे ऐकंल."

आण्णांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सात-आठ वर्षांपासून ते गोळी घ्यायचे, चहा बिनसाखरेचा प्यायचे, आणि विषय तिथं संपायचा. मी विचारलं, "साखरेच्या गोळ्या घेताय ना?"

"गोळ्या दिवाळीतच बंद झाल्या. डॉक्टरनं सुई चालू केली. तुझ्या आईला तेवढं ठावं हाय."

"इन्सुलिन? आणि मला सांगितलं नाही?"

"बाहेर गेलं असतं. मालक सुईवाल्याला बसवर ठेवत न्हाय. खोत सुईवर होता."

"मग आता घेताय ना ती?"

 आतून दुसरं नाव पुकारलं गेलं. एकजण शर्ट खोचत गेला.

"आण्णा."

"सोमवारी मेडिकल हाय. शर्ट वर करून पोट बघतात आता, सुईचे डाग दिसतात. आठवडाभर टोचलं न्हाय की डाग जातात. आन् साखर कमी दिसावी म्हणून जेवायचं न्हाय. ताक, लिंबूपाणी. सगळीच ड्रायव्हर लोकं असं करतात, पोरी. मी काय एकटा न्हाय."

"म्हणजे आठवडाभर तुम्ही ना सुई घेतली, ना जेवलात."

"तू कामावर असायचीस. डबा मी क्लीनरला द्यायचो. रातचं कंपनीत जेवून आलो म्हणायचो."

"मग नाक्यावर खरं का नाही सांगितलं?"

"मशीनवर आकडा आला. त्यांनी विचारलं, किती घेतली? मी म्हटलं, थोडी. न्हाय घेतली म्हटलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं. दवाखान्यात गेलं की रक्त तपासायचं आलं." ते थांबले आणि दोन श्वास घेतले. "दारूवाला चालतो मालकाला. ऐकलंस ना आत्ता?"

एम.एस्सी.ला जैवरसायनाच्या पुस्तकात या अवस्थेवर एक पान होतं. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं, रक्त आंबत जातं, श्वास खोल होतो, तहान थांबत नाही, आणि श्वासात ॲसिटोन येतं. परीक्षेला मी तो प्रश्न लिहिला होता. पानाच्या शेवटच्या ओळीत, उपचार न झाल्यास काय होतं ते लिहिलेलं होतं. ती ओळ मला शब्दन् शब्द आठवत होती.

"उठा. दवाखान्यात जायचं."

"नाव पुकारतील. नसलो तर वॉरंट."

"निघू दे वॉरंट."

"तेजू." त्यांनी माझं मनगट धरलं. हात कोरडा आणि गरम होता. "खोत आता बायकोसंगं बाजारात भाजी विकतो. मी बघून येतो त्याला. तराजूसुद्धा बायको धरती. मला एक शब्द म्हणू दे. मग तू म्हणशील तिथं येतो."

मी उठून दाराशी उभ्या असलेल्या भिसे हवालदारांकडे गेले.  "जगदाळ्यांचं नाव आधी घेता येईल का? त्यांना बरं नाही."

"आज सगळ्यांनाच बरं नाही, मॅडम," भिसे म्हणाले. "काल सगळ्यांना बरं होतं." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन कारकुनाच्या कानाशी काही बोलले.

"हिंदुराव बाजीराव जगदाळे, हाजिर होऽ."

मी आणि संपतने त्यांना उठवलं. दारापासून पिंजऱ्यापर्यंत ते एकटे गेले. मी मागच्या बाकावर बसले. तुपे दारात येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, एखादं काम संपायची वाट बघावी तसे.

मॅडम चाळिशीच्या होत्या. त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं, कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या नंबरची गाडी. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

आण्णांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. त्यांचे ओठ हलले. शब्द निघाला नाही, जीभ चिकटली होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि ते किंचित डावीकडे झुकले.

मॅडमनी चष्मा काढला. "आजही पिऊन आलात?"

मग त्या भिश्यांकडे वळल्या.

"भिसे, मशीन आहे बरोबर?"

"आहे, मॅडम. चौकीत जमा करायचं होतं."

"फुंकायला लावा."

भिश्यांनी नवीन नळी लावली. आण्णांना जोरात फुंकावं लागलंच नाही, त्यांचा श्वास तसाच जोरात होता. मशीन वाजलं.

"त्रेसष्ट," भिसे म्हणाले.

"काल किती होतं?"

"शेहेचाळीस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जगदाळे, दारू पिऊन कोर्टात उभं राहण्याचा अर्थ कळतो तुम्हाला? मी तुम्हाला इथूनच आत पाठवू शकते."

मी उभी राहिले होते. कधी ते आठवत नाही. "मॅडम, आकडा चढायला नको होता."

"तुम्ही कोण?"

"त्यांची मुलगी. औषध कंपनीत केमिस्ट आहे."

"वकील आहात?"

"नाही."

"मग खाली बसा."

मी बसले नाही. माझा आवाज थरथरत होता आणि मी तो थांबवू शकत नव्हते, म्हणून तसाच वापरला. "मॅडम, दारू तासाला साधारण पंधराच्या हिशेबाने उतरते. काल संध्याकाळी शेहेचाळीस होते, तर मध्यरात्रीच्या आधी शून्य व्हायला हवे होते. आज सकाळी त्रेसष्ट येऊ शकत नाहीत."

"का नाही? सकाळी पुन्हा घेतली की येतात."

"रात्रीपासून मी त्यांच्याजवळ आहे. त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही."

मॅडम आण्णांकडे वळल्या. "मुलगी म्हणते ते खरं आहे?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, तुपे उभे होते तिकडे. मग त्यांनी ओठ चाटले आणि बोलले. पिंजऱ्यातलं त्यांचं ते पहिलंच बोलणं होतं, आणि मध्ये त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

"सकाळी घेतली, मॅडम. मोरीत लपवून ठेवली होती. पोरीला माहीत न्हाय. गुन्हा कबूल आहे."

कारकुनाने टाइप करायला सुरुवात केली.

हे मशीन कशाला भुललं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. काही मशीनना दारू आणि ॲसिटोन वेगळं ओळखता येत नाही, हे मी पुढे वाचलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की मी गप्प राहिले तर दोन मिनिटांत दंड लिहून होईल, किंवा त्यांना आत नेतील आणि एका खोलीत झोपवतील, उतरेपर्यंत. आणि बोलले तर तुपे तिथं उभे होते.

"खोटं सांगतायत ते," मी म्हणाले. "त्यांना साखर आहे. इन्सुलिन चालू आहे. नोकरीच्या तपासणीत सापडू नये म्हणून आठवडाभर बंद केलंय, आणि जेवणही बंद केलंय. त्यांच्या तोंडाला येतो तो वास दारूचा नाही, ॲसिटोनचा आहे, मी रोज हाताळते. त्यांना आत्ता सलाईन लागलं नाही तर ते जगणार नाहीत, मॅडम."

"तेजू," आण्णा म्हणाले.

ओरडले नाहीत. लहानपणी मी हातात काचेचा ग्लास घेऊन पळायला लागले की ज्या आवाजात म्हणायचे, त्या आवाजात म्हणाले. मग त्यांचे हात कठड्यावरून सुटले आणि ते पिंजऱ्यात खाली बसले. बसल्यावरही श्वास तसाच चालू होता. आता तो सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"भिसे," मॅडम म्हणाल्या, "जवळ जाऊन बघा. दारूचा वास येतोय?"

भिसे वाकले. त्यांनी एकदा वास घेतला आणि मग पुन्हा, डोळे बारीक करून. "नाही, मॅडम. गोड येतोय काहीतरी. घरात मंडळी नखांचं पॉलिश पुसतात तसला."

"मग काल नाही आला?"

"काल रांगेत सगळेच..." ते थांबले. "काल लक्ष गेलं नाही."

मॅडम उभ्या राहिल्या, त्यामुळे सगळेच उभे राहिले. "सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तुमच्याच गाडीतून. रक्त घ्यायला सांगा, दारूसाठी वेगळं, सीलबंद. जबाब झाला नाही, असं लिहा. पुढची तारीख."

संपतने आण्णांना पाठीमागून काखेत धरलं, भिश्यांनी पाय धरले. "हलके आहेत हो काका," संपत म्हणाला. आम्ही दारातून निघालो तेव्हा तुपे तिथं नव्हते. ते जिन्याच्या वळणावर, भिंतीला लागून, फोन कानाला लावून उभे होते. आम्ही त्यांच्या जवळून उतरलो.

"न्हाय, मालक," ते सांगत होते. "दारू न्हाय. सुई."

दवाखान्यात डॉक्टरने आण्णांच्या बोटाला टोचून थेंब पट्टीवर घेतला. मीटरवर आकडा आलाच नाही. "आकड्याच्या पलीकडे आहे," तो नर्सला म्हणाला, मला नाही. दोन्ही हातांना सलाईन लावली. शिरेतून रक्त घेतलं, तीन नळ्या, एकीवर भिश्यांनी लाख लावून सही केली. पडदा ओढला गेला. पडद्याखालून मला डॉक्टरच्या चपला आणि पलंगाची चाकं दिसत होती, आणि आण्णांचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला तर मला कळेल म्हणून मी तिथून हलले नाही. पुढे कितीतरी वेळ मी फक्त तेच ऐकत होते. एकदा तो मंद झाला तेव्हा मी पडदा बाजूला केला. नर्स म्हणाली, "मंद व्हायलाच पाहिजे. बाहेर थांबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खटावहून आली. आण्णांनी डोळे उघडून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी कबूल म्हटलं होतं," ते मला म्हणाले. एवढंच, आणि तोंड भिंतीकडे केलं.

सोमवार दवाखान्यातच गेला. आठवड्याने तुपे घरी आले, चहा घेतला, बरं वाटतंय का विचारलं. जाताना त्यांनी एक पिशवी ठेवली. तिच्यात बसच्या ड्रायव्हर सीटवरची आण्णांची उशी होती. आईने जुन्या सतरंजीची शिवलेली, मध्ये खोलगट झालेली. आण्णांनी ती पिशवी उघडली नाही. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी सुई घेताना खोलीचं दार लावून घ्यायचे. मी ती वेळ पाहून उठायचे आणि दार उघडेपर्यंत बाहेर उभी राहायचे.

पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर गेले. नको म्हणाले नाहीत, चला म्हणाले नाहीत. या वेळी व्हरांड्यात ओळखीचं कुणी नव्हतं. नाव पुकारल्यावर आण्णा पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट त्यांना मोठा होत होता.

"तब्येत कशी आहे?" मॅडमनी विचारलं.

"बरी हाय, मॅडम."

"काम चालू झालं?"

"न्हाय."

त्यांनी समोरचा दवाखान्याचा कागद उचलला. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

आण्णांनी पहिल्यांदाच मागे वळून मी कुठे बसले आहे ते पाहिलं. मग पुढे पाहिलं.

"न्हाय, मॅडम. तुम्हीच वाचा."

मॅडमनी तो कागद कारकुनाकडे दिला. त्याने उभं राहून वाचला. दाखल होतानाच्या रक्तात साखर, शंभर मिलिलिटरला सहाशे अठरा मिलिग्रॅम. मद्यार्क, शून्य.